सोमनाथचा टाक

आमच्या घराण्यानं चार पिढ्या माणसं घडवली आणि त्यातल्या एकालाही माणूस काढता येत नव्हता. हे मी सासऱ्यांच्या तोंडावर बोलले. त्यांनी दोन दिवस माझ्या हातचा चहा घेतला नाही.

नाशिकच्या सराफ बाजारामागच्या गल्लीत आमचं टाकांचं काम चालतं. टाक म्हणजे तळहाताएवढा चांदीचा पत्रा आणि त्यावर ठोकून उठवलेला देव, नाहीतर घरातला गेलेला माणूस. तो देव्हाऱ्यात बसतो. लग्नाआधीच गेलेला मुलगा असेल तर त्याचा वीर होतो आणि धुळवडीला घरची माणसं त्याला वाजतगाजत गंगेवर, म्हणजे गोदावरीवर, अंघोळीला नेतात. माझ्या सासऱ्यांनी, म्हणजे सावळीराम नानांनी, असे हजारो वीर घडवले असतील. सगळे एकजात सारखे. घोडा, तलवार, भरघोस मिशा आणि माशासारखे डोळे. चार डोक्यांच्या उंचीत माणूस संपला.

"टाकात माणूस नसतो, उज्वला," नाना म्हणायचे. "आपण फक्त जागा करायची. माणूस घरच्यांनी बसवायचा."

दोन वर्षांपूर्वी नानांचा हात थरथरायला लागला. दुकान माझा नवरा शेखर बघतो, त्याला हातोडीत रस नाही. मग हातोडी माझ्याकडे आली. नानांच्या वडिलांनी केलेले साचे होते, त्यावर पत्रा ठेवून ठोकायचं, डोळे-मिशा उठवायच्या, झालं. मला वाटत होतं आपण कारागीर झालो. माणसाला आपल्याविषयी काहीही वाटू शकतं.

पौषात बयाबाई आल्या. निफाडजवळच्या खेड्यातल्या. सोबत त्यांचे दीर रंगनाथ. बयाबाईंनी पदराची गाठ सोडून एक पातळ चांदीचं कडं समोर ठेवलं.

"माह्या सोमनाथचं हाय. ह्याचाच टाक करा. दुसरी चांदी मिसळू नका."

सोमनाथ एकोणीस वर्षांचा होता. भाद्रपदात ताप आला आणि तीन दिवसांत गेला. नानांनी तयार वीर दाखवला. बयाबाईंच्या डोळ्यांत मोतीबिंदू, त्यांनी टाक नाकापाशी धरला, मग अंगठ्यानं सगळा चाचपला आणि परत ठेवला.

"ह्यो कोनाचाबी असंल. माहा नाय."

मग कळलं. आठ वर्षांचा असताना कडब्याच्या कुट्टी यंत्रात त्याचा उजवा हात गेला होता, कोपराच्या वरून. बयाबाईंचं म्हणणं एवढंच, की त्याला तसाच काढा.

रंगनाथ कळवळून म्हणाले, "वहिनी, देव्हाऱ्यात अधू मानूस पुजत नाय. भाऊकी काय म्हनंल? तुमी पुरा करा हो त्याला, दोन्ही हातांचा."

"अकरा वर्सं त्यो तसाच जेवला, तसाच कालिजात गेला," बयाबाई म्हणाल्या. "पुरा केला तर मी वळखू कसा त्याला?"

नाना रंगनाथांच्या बाजूनं बोलणार, हे मला त्यांच्या चेहऱ्यावरून दिसत होतं. ते बोलायच्या आत मी म्हणाले, "करते मावशी. जसा होता तसा करते." आयुष्यात मी कधी साधी आकृती काढलेली नव्हती. उचलली जीभ लावली टाळ्याला, दुसरं काय.

होळीला सात आठवडे होते.

साचा असा नव्हताच. तेव्हा आधी कागदावर काढायला शिकणं आलं. मोबाइलवर फुकट शिकवणारे पुष्कळ असतात, त्यातला एक जरा हळू बोलणारा मी निवडला. दुपारी दुकानातली गर्दी ओसरली की मोबाइल राळेच्या डब्याला टेकवायचा आणि वही घेऊन बसायचं. पहिल्याच दिवशी त्यानं सांगितलं की मोठ्या माणसाची उंची त्याच्या डोक्याच्या साडेसात पट असते. मी नानांकडे पाहिलं. आमचा वीर चार डोक्यांचा. म्हणजे आम्ही पिढ्यानपिढ्या मिशा लावलेली तान्ही बाळं विकत होतो. हे मी बोलले, आणि चहाचं ते प्रकरण झालं.

दुसऱ्या दिवशी कळलं की डोळे डोक्याच्या बरोबर मध्यावर असतात. मी ते कपाळावर चढवत होते, सगळे नवखे चढवतात म्हणे. कोपर कमरेशी येतं. हात सोडला तर मनगट मांडीच्या सांध्यापाशी पोचतं आणि बोटं अर्ध्या मांडीपर्यंत. पंजा हनुवटीपासून केसांच्या रेघेपर्यंतचा चेहरा झाकतो. मी तो नेहमी लहान काढायचे, कारण बोटं काढायची भीती वाटायची आणि भीती वाटते ते माणूस लहान काढतो.

शेखरला शर्ट काढून उभा केला. उजवा हात पाठीमागे बांध म्हटलं. पेन्सिल लांब धरून, एक डोळा मिटून मोजला, तर नवरा पावणेसातच डोकी भरला. "माप चुकलंय तुझं," तो म्हणाला. मी दोनदा मोजला. पावणेसातच. तेव्हापासून तो मॉडेल व्हायला नाही म्हणू लागला, मग मी आरशासमोर स्वतःलाच मोजत बसले.

चौथ्या आठवड्यात नाना माझ्या समोर येऊन बसले. "मनगट कुठं येतं म्हणालीस?" त्यांनी विचारलं. मी सांगितलं. ते उभे राहिले, धोतरावरून हात सोडला, खाली वाकून पाहिलं. "येतंय की," म्हणाले आणि पुन्हा बसले. मग रोज बसू लागले. मी काढायची, ते समोरून बघायचे, मधूनच म्हणायचे, "खांदा उतरलाय." थरथरत्या हातानं बोट ठेवायचे तिथे खरोखरच चूक असायची.

बयाबाईंच्या पुतण्यानं मोबाइलवर तीन फोटो पाठवले होते. त्यावरून सोमनाथ उतरवला. रुंद कपाळ, जरा पुढे आलेले कान, डावा हात खाली सोडलेला, उजवा दंड अर्ध्यात संपलेला. वही संपली, दुसरी संपली. सहाव्या आठवड्यात एका दुपारी एक चित्र असं आलं की मी पेन्सिल खाली ठेवली आणि मला रडू फुटलं. न पाहिलेल्या पोरासाठी नाही, खोटं कशाला सांगू. मला काढता आलं म्हणून.

कडं वितळवून नानांनी पत्रा काढला. जेमतेम एका टाकापुरता निघाला, कडेचे चार कण वगळले तर काही उरलं नाही. टाक मागच्या बाजूनं ठोकतात. गरम राळेवर पत्रा पालथा बसवायचा, राळ निवली की तो घट्ट धरून ठेवते, मग बारीक बोथट खिळ्यांनी मागून ठोकत जायचं, म्हणजे पुढच्या बाजूनं माणूस उठतो. मी चित्र बटर पेपरवर उतरवलं, पत्र्याच्या पाठीवर चिकटवलं आणि चार दुपारी ठोकत बसले. श्वास रोखून ठोकावं लागतं. पत्रा इतका पातळ की एक घाव जास्त बसला तर आरपार जाईल, आणि दुसरी चांदी घ्यायची नव्हती. शेवटच्या दुपारी पंजा केला. जवसाच्या दाण्याएवढा पंजा आणि त्याला पाच बोटं. नाना समोरून बघत होते. म्हणाले, "आमच्या वडिलांना हे जमलं नसतं." उभ्या आयुष्यात त्यांनी माझं एवढं कौतुक केलं नव्हतं.

होळीच्या दिवशी सकाळी मी राळ तापवून पत्रा सोडवला. बयाबाई अकराच्या सुमारास येणार होत्या. दुसऱ्या दिवशी धुळवड, वीर निघायचे. पत्रा रिठ्याच्या पाण्यात घासला, फडक्यानं पुसला आणि सुलटा केला.

सोमनाथ माझ्याकडे बघत होता. कपाळ त्याचं, कान त्याचे. आणि उजवा हात धडधाकट. खांद्यापासून बोटांच्या टोकांपर्यंत. अर्ध्यात संपला होता तो डावा.

मला आधी कळलंच नाही. मी चित्र शेजारी धरलं, टाक धरला, पुन्हा चित्र. मग लक्षात आलं. पाठीमागून ठोकलेली आकृती पुढून उलटी दिसते, डाव्याचं उजवं होतं. बटर पेपर उलटा चिकटवायला हवा होता. एवढी साधी गोष्ट चार पिढ्यांच्या सोनारांच्या घरात कुणी बोलून दाखवली नव्हती, कारण कधी गरजच पडली नव्हती. देवीला चार हात इकडे, चार तिकडे. वीराची तलवार साच्यातून येते, त्यातलं उलटसुलट नानांच्या वडिलांनीच करून ठेवलेलं. साडेसात डोकी मोजत बसले मी, आणि हात कुठला ते बघितलं नाही.

नाना आत पूजेला बसले होते. मी टाक त्यांच्या समोर ठेवला. त्यांनी चष्मा लावला. टाक उजेडाकडे धरला.

"मी समोर बसून होतो," ते म्हणाले. "रोज. मला कळायला हवं होतं."

"वितळवू या नाना. रात्रीपर्यंत पुन्हा करते."

"नाही." आमच्याकडे ही एक रीत आहे. पत्र्यावर चेहरा उठला की तो टाक मुशीत घालायचा नाही. तो मेलेला माणूस असतो, त्याला पुन्हा जाळायचं नाही. नानांनी ही रीत कधी मोडली नव्हती, आणि खरं सांगायचं तर माझीही छाती झाली नसती. उठलेला हात ठोकून सपाट करायचा म्हटलं तर पत्रा चुरगळून फाटणार. दोघांनाही ते माहीत होतं, त्यामुळे तो विषय निघाला नाही.

"टाकात उजवं-डावं कोण बघतं," नाना हळू म्हणाले. "एक हात नाही, एवढं दिसतंय ना. त्यांना दिसतं तरी कुठं नीट."

म्हातारा माणूस मला वाचवायला बघत होता. मला त्याचा राग आला, कारण माझ्याही मनात तेच आलं होतं. साडेनऊ झाले होते. दीड तास मी दुकान झाडलं, झाडलेलं पुन्हा झाडलं. गप्प बसायचं ठरवलं. मी काही देवमाणूस नाही. सात आठवडे घातले होते, सासऱ्यांसमोर मान ताठ झाली होती, आणि ती मला पुन्हा खाली घालायची नव्हती.

ते सव्वाअकराला आले. रंगनाथांच्या हातात नवं लाल फडकं, टाक बांधून न्यायला. बयाबाईंनी पायरीवर चपला काढल्या, हात धुवायला पाणी मागितलं. नानांनी पाटावर विड्याचं पान मांडून त्यावर टाक ठेवला, हळदकुंकू वाहिलं.

रंगनाथ आधी वाकले. त्यांनी टाक नीट पाहिला, तोंड वाकडं केलं. "शेवटी अधूच केला ना," म्हणाले. बस्स, एवढंच. पोरगा त्यांच्याच घरात वाढला होता, एका पंगतीत जेवला होता. त्यांना काही वेगळं दिसलं नाही. माझा जीव जरा खाली पडला. सुटलो, असं वाटलं आणि त्याच क्षणी स्वतःची किळसही आली.

बयाबाईंनी टाक डाव्या तळहातावर घेतला. डोळ्यांजवळ नेला नाही. उजव्या हाताचा अंगठा वरून फिरवायला लागल्या.

"कपाळ त्याचं हाय," त्या म्हणाल्या. अंगठा कानांवरून गेला. "कान बी. आज्याचे कान." गळा, छाती. मग अंगठा बाजूला सरकला, खांद्यावरून खाली उतरला. दंड आला. दंड संपला नाही. कोपर आलं. अंगठा थांबला.

मी पदराचं टोक पिळत होते. नाना जमिनीकडे बघत होते. अंगठा कोपरावरून पुढं निघाला, मनगटाशी पोचला, पंजावर आला आणि तिथं बारीक बारीक हलत राहिला. त्या बोटं मोजत होत्या.

"मावशी," माझ्या तोंडून निघालं, "चूक झाली माझी. मागून ठोकतात ना, ते उलटं उमटलं. उजवा नव्हता तो आला, आणि डावा गेला. मला सकाळीच कळलं होतं. मी सांगणार नव्हते तुम्हाला."

रंगनाथ ताडकन उभे राहिले. "म्हंजी? आन् उद्या गंगेवर काय न्यायचं आमी? लोकं आलेत घरी, वाजंत्री सांगितलीय. सोनार हाय का कोन तुमी?"

नानांनी हात जोडले. बयाबाईंनी यातलं काही ऐकलं असं वाटलं नाही. त्यांचा अंगठा त्या पंजावरच होता.

"ह्यो हात मी पुरलाय," त्या म्हणाल्या.

रंगनाथ त्यांच्याकडे वळले.

"दवाखान्यात फडक्यात बांधून दिला मला. ह्या भाऊजींना जमंना, पोराचा बाप तर बसूनच राहिला. मी नेला. बांधावर सीताफळीखाली खड्डा केला, पुरला. एवढुसा व्हता." त्यांनी आपल्या कोपरापासून पुढे बोटानं अंतर दाखवलं. आठ वर्षांच्या पोराचा हात असतो तेवढं. "अकरा वर्सं डोळ्याफुडं तेवढाच येतो. पोरगं वाढलं, त्यो काय वाढला नाय."

मग त्यांनी टाक अगदी पापण्यांपाशी नेला.

"ह्यो मोठा झालाय," त्या म्हणाल्या. "बघा भाऊजी. त्याच्यासंगं वाढलाय. बराब्बर मांडीपोतर आलाय."

रंगनाथ खाली बसले. त्यांनी ते लाल फडकं तोंडाला लावलं. मला वाटलं आता आपणही रडणार, पण रडू येईना.

थोड्या वेळानं बयाबाईंनी टाक माझ्या हातात दिला. "ह्यो हात काढू नको."

"काढता येतही नाही मावशी."

"आन् दुसरा दे त्याला. डावा त्याचा व्हता, त्यो न्यायचा नाय. मी म्हनले व्हते तसाच करा. आता नगं. आता दोन्ही दे."

उजव्याला हात लावायचा नव्हता, पण डाव्या दंडाच्या पुढं पत्रा सपाट होता. तिथं हात उठवता आला असता. पण पत्रा चार दिवस ठोकून कडक झालेला. नानांनी चिमट्यात धरून तो जपून तापवला, नरम केला, राळ गरम करून पुन्हा पालथा बसवला. त्यांचा हात थरथरत होता, तरी राळेचा एक थेंब इकडेतिकडे गेला नाही. मी पेन्सिल घेतली. डाव्या बाजूला रेघ ओढायची की उजव्या, तीनदा ताडून पाहिलं. नानांनी चौथ्यांदा पाहिलं. मग उजव्या हाताचं माप घेऊन तसाच दुसरा काढला. कोपर कमरेशी, मनगट सांध्याशी. बरोब्बर जोडीचा.

ठोकायला सुरुवात केली. दुकानात फक्त खिळ्याचा आवाज. दंड उठला. कोपराशी पत्रा इतका ताणला गेला की घावागणिक मला तो फाटलेला दिसत होता. रंगनाथ मोबाइलचा दिवा धरून बसले होते आणि दर थोड्या वेळानं "हळू, हळू" म्हणत होते. बयाबाईंनी हात पुढे केला. राळेवरच्या पत्र्याची पाठ, जिथं आता हाताचा खळगा पडला होता, ती त्यांनी करंगळीनं चाचपली.

"बारीक झालाय."

"उजव्याएवढाच आहे मावशी. मापात आहे."

"माप ऱ्हाऊ दे. दोन हातांचं काम ह्या एकट्यानं केलं. पान्याच्या कळशा, द्राक्षाचे क्रेट, समदं ह्याच्यावरच. ह्यो हात जाड व्हता पोरी. मनगट तर बापापरीस जाड."

मी नानांकडे पाहिलं. जाड करायचा म्हणजे पत्रा आणखी ताणायचा. त्यांनी मान हलवली, कर म्हणाले. मी दंडापासून पुन्हा सुरू केलं. अर्ध्या अर्ध्या घावानं, कडेकडेनं. मनगटाशी आल्यावर माझे डोळे आपोआप मिटत होते, ते उघडे ठेवायला लागत होते. शेवटचं बोट झालं तेव्हा दोन वाजून गेले होते आणि माझा अंगठा सुजला होता.

राळ तापवून पत्रा सोडवला, घासला, पुसला. फाटला नव्हता. सोमनाथ दोन्ही हात सोडून उभा होता. डावा हात उजव्यापेक्षा चांगला दीडपट जाड. मला शिकवणाऱ्या त्या मोबाइलवरच्या माणसानं तो बघताक्षणी खोडायला लावला असता.

बयाबाईंनी टाक घेतला. डाव्या हातावरून अंगठा एकदाच फिरवला, ओळखीच्या वाटेवरून जावं तसा. "हां," एवढंच म्हणाल्या. रंगनाथांनी लाल फडकं उघडून पुढं धरलं, पण त्यांनी टाक त्यात दिला नाही. पदराखाली घेतला, पायरीवर बसून एका हातानं चपला घातल्या आणि निघाल्या. पदर पातळ होता, त्यातून मला दिसत होतं. त्यांचा अंगठा उजव्या हाताच्या पंजावरच होता.